फक्त गावच्या माणसांसाठी

सान मेल्चोर, १४ जानेवारी २०१८

प्रिय फोरो,

फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा "ताई, ऐकू येत नाहीये" एवढंच तुझं ऐकू आलं. हा डोंगर काही आपल्याला बोलू देणार नाही, म्हणून इंटरनेटच्या दुकानात बसून लिहिते आहे. नीट वाच. नेहमीसारखं अर्धं वाचून "हो ताई, हो ताई" करू नकोस.

इतकी वर्षं मी सभेचं आणि जत्रेचं चित्रण करून सीडी भरत होते आणि तिकडे लॉस एंजेलिसला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात टाकत होते. डिसेंबरात सभापती कान्दिदोतात्या तालुक्याच्या मंगळवारच्या बाजारात गेले, तर तिथे आपल्या सभेची सीडी विकायला ठेवलेली! शेजारी गरम तमाल्यांची टोपली. विकणारा शिवेपलीकडच्या सांता प्रिस्काचा. आपली माणसं सभेत एकमेकांची आयमाय कशी काढतात ते बघून त्यांचं गाव हसून हसून लोळलं म्हणे. हसेनात का. पण शीव साफ करायला आपली माणसं कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेनं जाणार हे सगळं त्या सीडीत होतं. गेल्या मार्चात झऱ्यापाशी आपल्या माणसांवर दोन गोळ्या कुणी आणि कशा झाडल्या, याचा उलगडा आम्हाला बाजारात झाला. कुणाला लागल्या नाहीत, हे नशीब.

तेव्हा आता सीडी बंद. सभेनं ठरवलंय की व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचा, पण कुलपात. आपण ज्याला आत घेऊ त्यालाच तो दिसेल. चढवणार मी. तिकडच्या कुणाला आत घ्यायचं ते बघणार तू. तुझं नाव मीच सुचवलं. तात्या म्हणाले, "फोरो? तो दारात आलेल्या मांजरालासुद्धा नाही म्हणत नाही." मी म्हटलं, माझा भाऊ आहे, मी सांगेन तसंच वागेल.

दोन अटी आहेत. एक, आत फक्त गावची माणसं. दुसरी, सभा अख्खी दाखवायची आणि तुम्ही ती अख्खी बघायची. जो बघून आपलं मत कळवेल तो हजर धरला जाईल आणि त्याचं घर, जमीन, आणि दफनभूमीतली जागा गावाकडे शाबूत राहील. तुझी जागा आईच्या शेजारची आहे, विसरला नसशील.

आणि आता खरी गोष्ट. या वर्षी शिवेची गावकी तुझ्या दाजींकडे, आन्सेल्मोकडे आली आहे. गावानं दिलेल्या कामाला, फुकट करायचं असलं तरी, नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. मार्चात शिवेवरचे दगड रंगवायला माणसं घेऊन तोच वर जाणार. मला फार भीती वाटते, फोरो. म्हणून एवढं लांबण लावलं.

तुझी ताई,
देल्फिना


लॉस एंजेलिस, २२ जानेवारी

ताई,

अख्खं वाचलं. दोनदा. लुर्देस साक्षीला आहे.

गट तयार केला. तू दिलेली सगळी नावं आत घेतली, आणि काल रविवारी तेओफिलाच्या गॅरेजमध्ये चादर टांगून सान मेल्चोरची जत्रा पाहिली. पुरे पाच तास. निम्मी माणसं रात्रपाळी करून आली होती, तरी कुणी डुलकी काढली नाही. लुर्देसनं तमाले केले होते. बायकांनी तुझ्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईचं वजन काढलं. तुझंच तेवढं राहिलं, कारण तू कधीच दिसत नाहीस. आणि दाजी! बँडपुढे नाचताना ते असे गंभीर का दिसतात गं? कुणी दंड ठोठावलाय असं वाटतं.

एक सांगतो, रागावू नकोस. शेवटी मला न्यायला एर्मिलो आला होता. तो सांता प्रिस्काचा आहे हे खरं, पण आमच्या मारिसेलाला बाप्तिस्म्याला हातात धरून उभा राहिला तो हाच. माझा कोंपाद्रे, पोरीचा धर्मबाप. लुर्देसला कळा सुरू झाल्या तेव्हा मी हॉटेलात भांडी घासत होतो, गाडी काढून धावला तो. तर हा दारातच उभा होता, आत ये म्हटलं तरी येईना. तेवढ्यात चादरीवर रुफिना आली. त्याची बहीण, आपल्या गावात दिलेली. निळी शाल पांघरून लोकांना कॉफी वाढत होती. झऱ्याचं भांडण लागल्यापासून तिचं माहेर तुटलंय, आणि यानं तर आठ वर्षांत तिचा चेहरा पाहिला नव्हता. एवढा मोठा मिशीवाला माणूस, ताई, लहान पोरासारखा रडला. तेओफिलानं त्याला एक तमाला दिला.

जत्राच होती ती, सभा नव्हे. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
फोरो


सान मेल्चोर, ४ फेब्रुवारी

फोरो,

तुझ्या दाजींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाचताना हसलो तर पायांकडचं लक्ष जातं." झालं समाधान?

एर्मिलोचं तेवढं मी दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू. रुफिना भली बाई आहे. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी शंभर पाहुण्यांच्या तोर्तिया तिनं एकटीनं थापल्या होत्या. आणि कोंपाद्रेला तोंडावर दार लाव असं तुला कुठली ताई सांगेल? जेवू घाल, दारू पाज, पोरीला त्याच्या पाया पडायला सांग. पण सभेच्या वेळी तो गॅरेजच्या दारातसुद्धा नको. रुफिनाशी मी रोज बोलते, पण सभेत काय ठरलं ते तिच्यापुढे काढत नाही. ती विचारतही नाही. तिला कळतं. त्यालाही कळेल.

गटात कोण कोण आहे ते तू एकदा डोळ्यांखालून घाल. मी बघितलं असतं, पण इथे नावांचं पान उघडता उघडताच माझा तास संपतो आणि दुकानदार माझ्या डोक्यावर येऊन उभा राहतो. कुणी पाहुणा, कुणी शेजारी शिरला असेल तर काढ. मला उत्तर दे.

ताई


लॉस एंजेलिस, ७ फेब्रुवारी

ताई,

तू फार काळजी करतेस. तिकडे थंडी किती आहे? इथे पाऊस पडला आणि सगळं शहर असं घाबरलं की विचारू नकोस.

मारिसेला आता आपल्या भाषेत दहापर्यंत मोजते. सातला नेहमी अडखळते. तुझ्या जत्रेतल्या बायकांचं ऐकून ऐकून "गप बैस गं मेले" हेही शिकली आहे, आणि शाळेत बाईंना म्हणाली. बाईंना कळलं नाही म्हणून वाचलो.

दाजींसाठी बूट घेतलेत, चांगले डोंगरात चालायचे. तेओफिलाचा भाचा येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. सभा कधी आहे? सगळे वाट बघताहेत. यादीचं माझ्यावर सोड.

फोरो


सान मेल्चोर, २७ फेब्रुवारी

फोरो,

सभा झाली. सकाळी सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत. मी एकटी बाई, कॅमेऱ्यामागे उभी, पाय सुजले. व्हिडिओ चढायला तीन दिवस लागले, मध्ये दोनदा वीज गेली आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात. दुकानदार म्हणतो, "देल्फिनाबाई, तुमच्या सभेनं अख्ख्या डोंगराचं इंटरनेट खाल्लं."

आता लक्ष देऊन वाच. शीव १५ मार्चला साफ करायची ठरली. या वेळी दोन तुकड्या. एक मोठी, ती वरच्या रस्त्यानं गाजावाजा करत जाणार, म्हणजे सांता प्रिस्काच्या लोकांचे डोळे तिच्याकडे राहतील. दुसरी आन्सेल्मोची, सहाजणांची, ती झऱ्याच्या घळीतून गुपचूप जाऊन तिथले दगड रंगवून परत येणार. त्यांच्याकडे कोयते आणि चुन्याच्या बादल्या, बाकी काही नाही. घळीत वाट एवढी अरुंद की माणसामागे माणूस चालतो.

एवढा अर्धा तास तरी मला कापू द्या, असं मी तात्यांना विनवलं. आन्सेल्मोसमोर विनवलं, त्याची लाज गेली तरी चालेल म्हणून. तात्या म्हणाले, "मागे तुझी बॅटरी संपली आणि दहा मिनिटं गेली, तेव्हा याच लॉस एंजेलिसवाल्यांनी अख्खी सभा खोटी ठरवली होती. आमच्यापासून लपवता म्हणाले. वर्षभर भांडण पुरलं. आता काही कापायचं नाही." तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात. तू पण.

म्हणून सगळं तसंच वर आहे, दिवस, वाट, माणसं. लोकांना लवकर बघायला लाव, मतं घे आणि मला सांग, की मी काढून टाकते. तोवर माझ्या नवऱ्याचा जीव तुमच्या त्या गॅरेजमध्ये आहे असं समज.

ताई


लॉस एंजेलिस, ५ मार्च

ताई,

सगळ्यांनी पाहिली. सगळ्यांचा होकार आहे. फक्त ग्रेगोरिओचं म्हणणं पडलं की चुना मागच्या वर्षीपेक्षा महाग कसा, पण त्याला आपण ओळखतो. आता तू काढून टाकायला मोकळी.

दाजींचं भाषण ऐकून गॅरेजमध्ये टाळ्या पडल्या. आमच्या लग्नात दोन शब्द बोलायला सांगितले तर घामाघूम झाला होता हा माणूस, आणि सभेत असा ठणकावून बोलला! "दगड आपले आहेत, तंटा नको, रंगवून घरी जेवायला येऊ." लुर्देस म्हणाली, दाजींना आमदार करा.

बूट मिळाले का? सैल झाले तर दोन मोजे घालायला सांग.

इकडे एर्मिलोचा दात दुखतोय. दोन दिवस जेवला नाही, कामावरही गप्प. काल म्हणाला, "कोंपाद्रे, गावातली भांडणं कधी मिटायची?" मी म्हटलं, आधी दाढ काढून घे, मग गावाचं बघू.

१५ तारखेला मी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. संध्याकाळी फोन लाव, लागेपर्यंत लावत राहा.

फोरो


सान मेल्चोर, २४ मार्च

फोरो,

फोनवर तू नुसता रडत होतास आणि मी नुसती "हॅलो हॅलो" करत होते. आज नववा दिवस झाला. त्याला ठेवलं होतं तिथे जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस उचलून दफनभूमीत नेऊन ठेवला. घरात आता करायला काही उरलं नाही, म्हणून दुकानात आले. दुकानदारानं पैसे घेतले नाहीत.

तिघे गेले. आन्सेल्मो, सेवेरिआनो आणि त्याचा जावई. घळीच्या तोंडाशी, वाट वळते तिथे. वरून दोन्ही बाजूंनी. मागचे तिघे पळाले म्हणून सांगायला उरले. मोठी तुकडी वरच्या रस्त्यानं गाजावाजा करत गेली, तिकडे एक माणूस फिरकला नाही. सांता प्रिस्काचं अख्खं गाव जणू घळीवर येऊन बसलं होतं. त्यांना दिवस माहीत होता, वाट माहीत होती, किती जण येणार तेही माहीत होतं. आन्सेल्मोच्या हातात रंगाचा ब्रश होता. तसाच आणला त्याला.

तात्या दारात आले आणि म्हणाले, तिकडच्यांना दफन बघायचं असेल. ते बरोबरच आहे, सेवेरिआनोचे दोन मुलगे तिकडे आहेत, आले तर कागदांवाचून त्यांना परत जाता येणार नाही. पण कॅमेरा गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. मग मीच धरला. तीन पेट्या, पुढे बँड, मागे गाव. मी बाजूनं उलटी चालत होते, पेटीकडे तोंड करून. रडता येईना, कारण रडलं की हात हलतो आणि चित्र हलतं. एका बाईनं येऊन माझ्या कमरेला धरलं, मी उलटी चालताना पडू नये म्हणून. खड्ड्यात माती टाकायची माझी पाळी आली तेव्हा मी कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा ते बघत राहिले, आणि तेवढ्यात माती टाकून झाली. मी माझ्या नवऱ्याला माती दिली नाही, फोरो.

कुणी सांगितलं ते गावाला कळलंय. सगळे म्हणतात रुफिना. तिचा नवरा सभेत होता, त्यानं घरी सांगितलं असणार आणि हिनं माहेरी. दुसरं कोण आहे? रोज तिच्या छपरावर दगड पडतात. येत्या सभेत तिचा निकाल लागेल. परवा ती माझ्याकडे पीठ घेऊन आली, दुखवट्याच्या घरी आणतात तसं. मी तिच्या तोंडावर दार लावलं. मग पुन्हा उघडलं आणि तिच्या पायांपाशी थुंकले.

बरं वाटलं. अजून वाटतं.

ताई


लॉस एंजेलिस, २६ मार्च

ताई,

रुफिनाला काही करू नका. मी पाया पडतो. तिनं काही सांगितलेलं नाही. तात्यांना थांबव. ती नाही.

दाजींसाठी मला काय लिहावं कळत नाही. लिहीन.

फोरो


सान मेल्चोर, ३ एप्रिल

फोरो,

तुला कसं ठाऊक?

तुझ्या चार ओळी मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरले. सहा वर्षं झाली तुला गावाबाहेर पडून, आणि रुफिनानं काय केलं नाही ते तुला ठाऊक?

काल पहाटे ती पुन्हा आली. या वेळी पीठ नव्हतं. चुलीपाशी खाली बसली आणि म्हणाली, "देल्फिना, तू सांगशील तर मी जाते गाव सोडून. पण मी कुणाला काय सांगणार? माझ्याशी माहेरचं बोलतं कोण? आई गेली तेसुद्धा मला बाजारात कळलं. एक एर्मिलो तेवढा लॉस एंजेलिसहून फोन करतो." मी विचारलं, काय बोलतो? तर ती रडता रडता हसली. "मला म्हणाला, जत्रेत तू निळी शाल घेतली होतीस, ती तुला शोभते. कॉफी ओतताना अजून जीभ बाहेर काढतेस. म्हणाला, तू दिसलीस की मी थांबवून थांबवून बघतो."

तिला काहीच कळलं नव्हतं. ती आपली भावाचं कौतुक सांगत होती.

फोरो, चादरीवरचं चित्र दारात उभ्या असलेल्या माणसाला थांबवून थांबवून बघता येत नाही. ते आपल्या हातात असलं तरच येतं.

मी तुला विचारलं होतं. उत्तर दे म्हटलं होतं. तू मला मारिसेलाचे आकडे सांगितलेस.

आता सांग.

देल्फिना


लॉस एंजेलिस, ५ एप्रिल

ताई,

सांगतो.

त्या रविवारी गॅरेजमधून घरी जाताना त्यानं गाडी बाजूला घेतली. म्हणाला, "कोंपाद्रे, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. मला माझ्या बहिणीला एकट्यानं बघू दे. लोकांसमोर रडायला लाज वाटते." ज्यानं माझी पोर हातात धरली त्यानं पहिल्यांदा काही मागितलं. तुझं पत्र त्यानंतर आलं. मला वाटलं, आता त्याला काढलं तर त्याला कळेल. काढलेलं माणसाला दिसतं. आज काढू, उद्या काढू म्हणत राहिलो. आणि मग सभा त्याच गटात, जत्रेच्या शेजारीच चढली. तो बघेल असं मला खरंच वाटलं नाही. आठ-दहा तासांची सभा, आपल्यालाच कंटाळा येतो.

तुझं ३ तारखेचं पत्र घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो नाकारेल, मग मी त्याला मारेन, असं ठरवून गेलो होतो. त्यानं दार उघडलं आणि स्वतःच खाली बसला. तो सभेतही रुफिनालाच शोधत होता. आपल्या सभेत बायका नसतात हे त्याला माहीत नव्हतं, त्यांच्याकडे असतात. शोधता शोधता त्यानं दिवस ऐकला, वाट ऐकली. त्याच्या धाकट्या भावाची, एलाडिओची, बकऱ्यांची वाट तीच. झऱ्याला रोज जातो. यानं घाबरून घरी फोन केला. "१५ तारखेला घळीकडे जाऊ नकोस, सान मेल्चोरचे कोयते घेऊन येणार आहेत, सहाजण." भाऊ मरू नये म्हणून, ताई. एवढंच. एलाडिओ "बरं" म्हणाला आणि तडक त्यांच्या सभापतीकडे गेला.

मग हा घाबरला. पुन्हा फोन केला, तर कुणी उचलेना. मला सांगावं असं दोन दिवस त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. मी त्याला म्हटलं, दाढ काढून घे.

मी त्याला मारलं नाही. हात उचलला तो तसाच राहिला. त्याला मारून झाल्यावर मला कोण मारणार?

ताई, तू म्हणशील ते मी करेन. फक्त सभेत माझं नाव सांगण्याआधी एकदा विचार कर. तेओफिलाच्या गॅरेजमध्ये सेवेरिआनोचे दोन मुलगे बसतात. मला इथे दुसरं गाव नाही. आणि आईच्या शेजारची ती जागा. तेवढी ठेव. मी जिवंतपणी येऊ शकत नाही, निदान तसा तरी येईन.

फोरो


सान मेल्चोर, १८ एप्रिल

फोरो,

विचार केला. तुझं पत्र आल्यापासून दुसरं काही केलं नाही. जेवायला बसले की आन्सेल्मोचं ताट मांडायचे आणि ते बघून पुन्हा तोच विचार. मी गप्प बसले असते तर तू वाचला असतास. आई असती तर तिनं मला गप्पच बसवलं असतं. धाकटा आहे तो, म्हणाली असती.

पण निकाल रुफिनाचा होता. तिचा नवरासुद्धा उठून म्हणाला की तिला काढा, पोरं माझ्याकडे ठेवा. ती बाहेर पायरीवर बसली होती. कुणी विचारलं नसतं तरी मी बोलणारच होते, आणि कुणी विचारलं नाही. मी कॅमेऱ्यामागूनच बोलले. म्हटलं, रुफिना नाही. एर्मिलोला आत घेणारा माझा भाऊ आहे, क्रिसोफोरो येस्कास, आणि त्याची शिफारस करणारी मी आहे. मग एलाडिओचं आणि बकऱ्यांचंही सांगितलं. सगळं सांगितलं.

मग तात्यांनी तुझं नाव पुकारलं, तीनदा, मेलेल्या माणसाचं पुकारतात तसं, आणि हात वर झाले. घर गेलं, जमीन गेली. आईच्या शेजारची जागा गेली. गटाची किल्ली तेओफिलाकडे दिली आहे. मला काय शिक्षा ते पुढच्या सभेत ठरेल. तोवर कॅमेरा माझ्याकडेच, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही.

आणि रुफिना. मला वाटलं, निदान ती राहील. तिच्यासाठीच तर बोलले होते. तर सभा सुटल्यावर सेवेरिआनोची बायको पायरीपाशी येऊन तिला म्हणाली, "म्हणजे तुझ्याच भावानं ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, पोरांना न घेता. माहेरची शीव तिला घेत नाही, आपली ठेवत नाही. कुणी म्हणतं ओआहाका शहरात गेली, कुणी म्हणतं बसस्टँडवर बसलेली पाहिली. म्हणजे तुला मी फुकटच दिलं, फोरो. तिला वाचवता आलं नाही आणि तूही गेलास, आणि आन्सेल्मो तर आधीच गेला होता.

गटातून तुला काढायचं कामही माझ्याकडेच आलं. तू म्हणाला होतास, काढलेलं माणसाला दिसतं. आता तुलाही दिसलं असेल. दफनाचा व्हिडिओ त्याआधी दोन दिवस वर होता. तू पाहिलास की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारायचं नाही असं मी ठरवलंय.

ही सभा आज चढते आहे. दुकानदार म्हणतो, अजून दोन दिवस लागतील. तिकडचे सगळे रविवारी बसून अख्खी बघतील, बघावीच लागेल. मी थोडी ऐकून पाहिली. बाकीच्यांचे आवाज लांबून येतात, निम्मं समजत नाही. मी कॅमेऱ्याच्या अगदी मागे उभी होते, त्यामुळे माझा आवाज सगळ्यांत मोठा आलाय. तुझं नाव एकदम स्वच्छ ऐकू येतं. तेवढं कापू द्या, असं मी या वेळी कुणाला म्हटलं नाही.

देल्फिना